१९४८ शेवरोले फ्लीटमास्टर: जुना ऑइल फिल्टर बसवला आणि प्रेशरचा काटा खाली आला

शेवी_सांगली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतोय.

गाडी घरचीच, आजोबांनी घेतलेली, १९४८ ची शेवरोले फ्लीटमास्टर. इंजिन मूळचं २१६ क्यूबिक इंचांचं, सहा सिलिंडरी. या इंजिनाला कंपनीकडून ऑइल फिल्टर येत नसे, हौसेने वरून विकत घेऊन बसवायचा. बॉनेट उघडल्यावर त्या काळचा थाट दिसावा म्हणून अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून जुना डबा मागवला. पत्र्याचा, उभा, वर झाकण, झाकणात लांब बोल्ट. ब्रॅकेट मॅनिफोल्डच्या बोल्टांवर बसतं. सोबत पाव इंची तांब्याच्या दोन नळ्या आणि पितळी जोड आले. 'कधीही न वापरलेला' असं लिहिलं होतं. आतला रंग बघता तसं वाटत नाही, पण ते असो.

बसवायच्या आधी गरम इंजिनवर, ताशी चाळीस मैलांना काटा १४ पौंडांच्या आसपास असायचा आणि आयडलला ५-६. आता रस्त्यावर ७-८ आणि सिग्नलला उभा राहिलो की काटा शून्याच्या खिळ्यावर जाऊन बसतो. कुठेही गळती नाही. तेल २०डब्ल्यू-४०, पातळी बरोबर आहे.

इथला फिटर म्हणतो, 'जुन्या शेवीला प्रेशर असतंच कुठे, चालवा.' दुसरा म्हणतो सगळं तेल फिल्टरमधून जाईल असं फुल-फ्लो करून घ्या. मित्र म्हणतो डबा काढून शोकेसमध्ये ठेव.

त्याच विक्रेत्याकडून काचेच्या बरणीचा एक टॉप ऑइलरही घेतलाय, म्हणजे पेट्रोल-हवेबरोबर थोडं तेल इंजिनाच्या वरच्या भागात सोडणारा, कार्ब्युरेटरखाली मॅनिफोल्डला जोडायचा. तो लावावा का?

रोडकिंग_पुणे

२०डब्ल्यू-५० टाका, काटा वर येईल. एवढा विचार कशाला. नाहीतर अॅडॉप्टर करून आजचा स्पिन-ऑन (डब्यासकट फिरवून बसणारा) फिल्टर लावा, दीडशे रुपयांत काम.

लेथवाले_आबा

सांगलीकर, गाडी आहे तिथेच उभी राहू द्या. काटा जागेवर येईपर्यंत पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा काढू नका.

आणि रोडकिंग, राग मानू नका, पण २१६ चा पॅन, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं तबक, कधी उतरवून बघितलाय का? मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभं आयुष्य काढलं. शेजारच्या शेडमध्ये व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगा ओतायचे, त्यात शेवीचे रॉड कायम असायचे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीचा, जोडणीचा कारखाना होता, १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद पडला. त्यामुळे आपल्याकडे शेवरोलेच्या गाड्या आणि ट्रक रग्गड. कुठल्या रॉडचं काय झालं ते ओतायला आलेला रॉड बघूनच कळायचं. तेल कमी पडलेल्या रॉडची व्हाइट मेटल कडेने वितळून बाहेर आलेली असते, हात लावायची गरज नाही.

आता हे इंजिन समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल. पंपाचं दाबाचं तेल मेन बेअरिंगांना आणि कॅमशाफ्टला जातं. कनेक्टिंग रॉडला जात नाही. क्रँकला आतून भोकं पाडून रॉडपर्यंत तेल नेलंय, असलं काही या इंजिनात नाही. रॉडच्या कॅपला खाली डिपर, म्हणजे पळीसारखा तेल उचलणारा तुकडा, असतो आणि पॅनमध्ये प्रत्येक रॉडखाली एक पन्हळ असते. इंजिन सावकाश फिरतं तेव्हा डिपर त्या पन्हळीतून तेल उचलतो. वेग वाढला की पन्हळीवर भागत नाही, तेव्हा पॅनमधल्या नॉझलांतून तेलाच्या धारा सुटतात आणि फिरता डिपर ती धार तोंडात घेतो. हमरस्त्यावर तुमच्या रॉडची बेअरिंग जगते ती त्या धारेवर, आणि धारेत जोर येतो तो प्रेशरचा.

म्हणून 'जुन्या शेवीला प्रेशर नसतं' हे अर्धं खरं. मीटरच मुळात ३० पौंडांपर्यंतचा दिलाय आणि १४ म्हणजे उत्तम तब्येत. आयडलला काटा खाली येतो त्याचंही भय नाही, तेव्हा डिपर पन्हळीतून पितोय. पण रस्त्यावर १४ चे ७ होणं वेगळं. रॉड ठोकायला लागेपर्यंत तुम्हाला कळणार नाही, आणि ठोकायला लागल्यावर कळून उपयोग नाही.

काटा खाली का आला? तुमचा डबा बायपास जातीचा आहे. गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या दाबाच्या तेलाच्या वाटेतून, थोडं तेल एका नळीने घ्यायचं, गाळायचं आणि दुसऱ्या नळीने थेट पॅनमध्ये सोडायचं. ते तेल बेअरिंगकडे जातच नाही. पंपाच्या शंभर भागांतले पाच-दहा भाग असे फिरत राहतात आणि हळूहळू सगळं तेल गाळून निघतं. पंगतीत वाढपी शेवटी जेवतात, तसा हा फिल्टर. तुमच्याकडे वाढपीच पहिल्या पंगतीला बसलाय.

त्याला आवर घालणारं एक बारीक भोक असतं. झाकण काढा, एलिमेंट (गाळणारं भरण) उचला. मधोमध उभी नळी दिसेल, तिच्यात वरच्या अंगाला भोक आहे का बघा. काही डब्यांत ते नळीत नसून आत जाणाऱ्या पितळी जोडात असतं, म्हणून दोन्ही तपासा. साधारण एक सोळांश इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर पाहिजे. डोळ्याने अंदाज नको, ड्रिलची उलटी बाजू घालून बघा. दीड मिलीचं ड्रिल जायला पाहिजे आणि दोन मिलीचं अडायला पाहिजे. माझी खात्री आहे, तुमच्याकडे चार मिलीचं सुखाने जाणार. कुणीतरी चोंदलेलं भोक मोठं करून साफ केलं असणार, हे मी जीपच्या डब्यांतही बघितलंय. चार मिलीच्या भोकाचं क्षेत्रफळ १.६ च्या सहापटीहून जास्त. एवढं तेल पॅनमध्ये परत पळायला लागलं तर मीटरला राहणार काय?

फुल-फ्लोचा नाद सोडा. सगळं तेल आधी बाहेर काढून गाळून आत न्यायचं, अशी वाट २१६ च्या ब्लॉकमध्ये ठेवलेलीच नाही. स्पिन-ऑनला अॅडॉप्टर केला तरी तो बायपासच राहणार, आणि त्यालाही तेच बारीक भोक लागणार.

जाड तेलाने काटा वर दिसेल, एवढंच. मॅन्युअल या इंजिनाला आपल्या हवेतसुद्धा २० ग्रेडच्या आसपासचं पातळ तेल सांगतं. नॉझलाच्या छिद्रातून सकाळच्या गारव्यात घट्ट तेल काढायचं म्हणजे काट्याची समजूत काढून रॉडला उपाशी ठेवणं.

पितळी जोड कसे बसलेत तेही लिहा. त्यात आणखी एक मेख असते.

पद्मिनीवाली

आबांचं निदानच पटतंय, पण भोक मोजायच्या आधी एक मिनिटाचं काम करा. डिपस्टिक काढून वास घ्या.

माझ्याकडे नाशिकला फिएट ११०० आहे. तिलाही इंजिनावरच मेकॅनिकल पेट्रोल पंप आहे, कॅमशाफ्टवर चालणारा, तुमच्या शेवीसारखाच. या पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल पंपाच्या दांड्याच्या बाजूने क्रँककेसमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, प्रेशर पडतं आणि वरून डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते, त्यामुळे मालक खूश. आता रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर मिळतं त्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबराचे डायफ्रॅम फार लवकर कडक होतात किंवा फुगतात. मी इथेनॉल चालणाऱ्या कापडी-रबरी पटलाचा डायफ्रॅम बसवून घेतला.

शेवी_सांगली, 'पातळी बरोबर आहे' असं तुम्ही लिहिलंय. फिल्टरमध्ये जवळपास लिटरभर तेल राहतं. डबा बसवल्यावर वरून तेल घातलंत, की न घालताच पातळी बरोबर आली?

शेवी_सांगली

ताई, वरून घातलं होतं, लिटरला थोडं कमी. डिपस्टिकला पेट्रोलचा वास नाही, आत्ता बघून आलो. एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला, कडेला पातळ वलय पसरलं नाही.

आबा, जोड ब्लॉकला थोडे घट्ट गेले. फिटरने टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवले. डबा उद्या उघडतो.

लेथवाले_आबा

टेप! तीच मेख.

ते जोड अमेरिकन, एक अष्टमांश एनपीटी, म्हणजे तिकडच्या पाइपच्या आट्यांचं माप. इंचाला २७ आटे, आट्यांचा कोन ६० अंश. आपल्या दुकानात हार्डवेअरवाला देतो तो एक अष्टमांश बीएसपी, म्हणजे ब्रिटिश माप, इंचाला २८ आटे, कोन ५५. शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. पहिले दोन-तीन आटे गोड जातात, मग अडतं, आणि आपला माणूस पान्याला पाइप लावून ओढतो. पितळ मऊ, ते वाकतं आणि बसतं. टेपमुळे गळतही नाही. पुढे कधीतरी इंजिनच्या थरथरीने निसटतं. ब्लॉकचे आटे एनपीटीचेच आहेत, म्हणून जोडही एनपीटीचाच पाहिजे. विक्रेत्याने पाठवलेलाच बसवलाय, की आपल्याकडचा कुठला मध्ये घुसडलाय, फिटरला स्पष्ट विचारा.

टेप दाबाच्या तेलाच्या जोडाला लावायची नाही. तिची तुसं सुटतात आणि सगळ्यात बारीक भोक शोधून अडकतात. तुमच्या इंजिनात बारीक भोकं म्हणजे नॉझलं. टेप साफ करा, द्रव सीलंट लावा, तोही पहिला आटा सोडून.

तांब्याच्या नळ्या दिसायला झकास. पण तांबं थरथरीने कडक होतं आणि फ्लेअरच्या (जोडात बसायला पसरवलेल्या टोकाच्या) मानेशी तडकतं. प्रेशरकडची नळी तडकली तर पॅन बघता बघता रिकामा, आणि तेल गरम मॅनिफोल्डवर. नळीला एक वेटोळं द्या, ब्लॉकला क्लिप मारा. फ्लेअर करायच्या आधी टोक लाल करून पाण्यात टाका, मऊ होतं. मी असतो तर प्रेशरच्या बाजूला स्टीलची नळी घातली असती आणि तांबं परतीच्या बाजूला मिरवायला ठेवलं असतं.

मिशिगनकर

मंडळी, मी डेट्रॉइटजवळ राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथे या डब्यांचा सुळसुळाट आहे म्हणून थोडी भर घालतो.

फिल्टर 'वरून घ्यायचा' प्रकार इथेही बरीच वर्षं टिकला. १९२४ च्या क्रायस्लरला प्युरोलेटरचा फिल्टर होता, पण शेवरोलेने स्वस्त गाडीचं धोरण सोडलं नाही. १९५५ साली त्यांचं नवं २६५ चं व्ही-८ आलं, ज्याच्यावर पुढे हॉट रॉडवाल्यांचं (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्या हौशींचं) अख्खं जग उभं राहिलं. त्याच्याही ब्लॉकला पहिल्या वर्षी फिल्टरची जागा नव्हती, हवा असेल तर वरचा बायपास डबा घ्यायचा. १९५६ ला जागा आली.

फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ वाल्यांकडे तर फिल्टर हा दागिना. अॅल्युमिनियमचा, बाहेरून आडव्या पंखांचा, वर निमुळता होत जाणारा एक डबा असतो, त्याला इथे 'बीहाइव्ह' म्हणतात. कुठल्याही हॉट रॉडच्या मेळाव्यात पॉलिश केलेले दिसतील. त्याच्या नव्या नकला भरपूर बनतात आणि त्यांतल्या काहींत आवराचं भोकच नसतं. तेव्हा सांगलीकरांचं दुखणं इथल्या लोकांनाही होतं. फ्रँट्झ नावाच्या एका बायपास फिल्टरमध्ये तर एलिमेंट म्हणून चक्क टॉयलेट पेपरचा रोल बसवायचे. हसू नका, तोही बायपासच असल्यामुळे चालून गेला. कागद भिजून बसला तरी बेअरिंगचं तेल अडत नव्हतं.

पेनसिल्व्हेनियात हर्शीला दर ऑक्टोबरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. तिथे जुन्या खोक्यातले एलिमेंट मिळतात. कुणी भेट म्हणून दिलं तरी वापरू नका. आत सुताचा चोथा भरलेला असतो, इतक्या वर्षांनी त्याचे धागे सुटतात, कडेचा गोंद पावडर होतो, आणि हे सगळं परतीच्या नळीने पॅनमध्ये जातं. खोकं कपाटात, एलिमेंट नवं. घेताना उंची आणि मधल्या भोकाचा व्यास दोन्ही जुळवा. मधल्या नळीवर सैल बसलं तर तेल न गाळताच शेजारून निघून जातं.

टॉप ऑइलरबद्दल: काचेची बरणी असेल तर ती साध्या जातीची. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने तेल ओढते. व्हॅक्यूम सगळ्यात जास्त आयडलला आणि उतारावर, म्हणजे गरज कमी तेव्हा तेल जास्त. घाट चढताना व्हॅक्यूम पडतो आणि तेलही थांबतं. मार्व्हलवाल्यांनी याच दोषावर 'इन्व्हर्स ऑइलर' काढला होता, भार वाढला की तेल जास्त सोडणारा. मार्व्हल मिस्टरी ऑइल १९२३ चं, बर्ट पिअर्स नावाच्या कार्ब्युरेटरवाल्याचं. माझ्या मते तुमची बरणी भरून लावली तर प्लगवर काजळी आणि मागे निळा धूर, याहून जास्त काही मिळणार नाही. व्हॉल्व्ह गाइड सुके पडत असतील तर रॉकर शाफ्टला तेल येतंय का ते आधी बघा.

लेथवाले_आबा

बरणीबद्दल मिशिगनकरांशी सहमत. लावायचीच हौस असेल तर खालची नळी आतून बंद करून लावा. गाडी बघायला येणाऱ्याला काय, काच दिसली की झालं.

शेवी_सांगली

उघडला. आबा, मधल्या नळीतलं भोक चार मिलीचं नव्हतं, साडेचारचं ड्रिल गेलं! कडा खरबरीत आहेत, हाताच्या ड्रिलने केलेलं कळतंय. आत जाणारा जोड पूर्ण मोकळा, त्यात आवर नाही. एलिमेंट जुनंच होतं, मिशिगनकर म्हणतात तसं सूत बाहेर आलेलं.

इथल्या एका टर्नरकडून नळीत पितळी बुच बसवून त्यात दीड मिलीचं भोक पाडून घेतलं. एलिमेंट जीपच्या डब्याचं घ्यायला गेलो तर उंची जुळली, मधला व्यास मोठा निघाला. म्हणून ते परत करून अमेरिकेहून नवीन मागवलंय. तोवर नळीचं तोंड ब्लॉकला प्लग लावून बंद केलं आणि सहज इंजिन गरम करून पाहिलं. गाडी जागेवरच, रेस दिल्यावर काटा १३-१४ वर, आयडलला ५.

जोडाचं विचारलं. एक जोड आपल्याकडचा निघाला, मूळ जोड फिटरच्या हातून हरवला होता.

आता पॅन उतरवावा का? गाडी थोडीच चालली या अवस्थेत, सांगली ते मिरज अशा फेऱ्या, वेग बेताचाच.

लेथवाले_आबा

उतरवा. टेपची तुसं आणि एलिमेंटचं सूत दोन्ही आत गेलंय, मग वेगळं काय विचारता.

पॅन खाली आला की पन्हळींतला गाळ लाकडी खपल्याने काढा, पत्रा ओरबाडू नका. तेल वाटणारी नळी आणि नॉझलं रॉकेलने धुऊन हवा मारा. मग धारांची दिशा बघा. पॅन बाकावर सपाट ठेवायचा, नळीला पाण्याचा होज जोडायचा आणि पाणी सोडायचं. कंपनीचं यासाठी खास गेज असायचं, पॅनवर आडवी पट्टी आणि तिला भोकं. नॉझलची धार आपापल्या भोकातून स्वच्छ पार गेली पाहिजे. गेज मिळणार नाही, पण मॅन्युअलात मापं आहेत, त्यावरून तुमचा टर्नर पत्र्याची पट्टी करून देईल. धार तिरकी जात असेल तर नॉझल हलकेच वाकवून सरळ करायचं. कुणी पूर्वी पॅनला जॅक लावून गाडी उचलली असेल तर पन्हळी दबलेल्या सापडतील, तेही बघा. आपल्याकडे पॅनलाच जॅक लावायची फार वाईट खोड आहे.

वर बघून प्रत्येक डिपर जागेवर आहे ना, वाकलेला नाही ना, तोंड फिरण्याच्या दिशेला आहे ना, एवढं तपासा. रॉडची कॅप हाताने वर-खाली हलवून खेळ जाणवतो का बघा. कडेने हलणं चालेल, वर-खाली नको. खेळ असेल तर कॅपखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात, एकेक काढून तो कमी करता येतो, पण ते काम ज्याने पूर्वी केलंय त्याच्याच हातून. कोल्हापूरला आणणार असाल तर आधी इथे लिहा, व्हाइट मेटलचं काम अजून करणारे हात मोजकेच राहिलेत, त्यांची वेळ घ्यावी लागते.

पद्मिनीवाली

पॅन उतरवताय तर कॉर्कचं गॅस्केट बसवायच्या आधी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवा, नाहीतर कोपऱ्यांवर तडकतं. बोल्ट आवळताना मधून कडेला जा, आणि इंजिन दोनदा गरम-गार झालं की हलक्या हाताने पुन्हा एकदा ओढा. जास्त आवळलं तर पॅनची कड भोकांपाशी वर येते आणि मग कितीही गॅस्केट बदला, पाझरतंच.

शेवी_सांगली

पॅन शनिवारी उतरवतो. मिशिगनकर, एक अष्टमांश एनपीटीचा, पाव इंची नळीच्या इन्व्हर्टेड फ्लेअरचा पितळी जोड एलिमेंटच्याच पाकिटात टाकून पाठवता येईल का? दोन पाठवा, एक फिटरसाठी.